किल्लीच्या खिळ्यावरचा बिल्ला

"आमचे त्या वेळचे मुख्याध्यापक हे विक्षिप्त पण निरुपद्रवी गृहस्थ होते. त्यांनी शाळेची घंटा काढून टाकली, शिक्षकांच्या गळ्यात गुरांसारखे बिल्ले अडकवले आणि मान्यतेच्या तपासणीसाठी समिती आली त्याच दिवशी, लहर लागली म्हणून, कार्यशाळेला कुलूप ठोकले. किल्लीच्या खिळ्यावर त्यांचाच सोळा नंबरचा बिल्ला लटकताना आम्ही विद्यार्थ्यांनी डोळ्यांनी पाहिला. शाळेचा तंत्रविभाग त्या कुलपात गेला."

आमच्या शाळेच्या स्मरणिकेत हा मजकूर छापून आला आहे. लिहिणारा माझाच जुना विद्यार्थी. त्याला सरळ रेघ मारायला मी शिकवले. सरळ लिहायला शिकवण्याचे काम दुसऱ्या कोणाचे तरी होते आणि ते झालेले दिसत नाही.

पहिली गोष्ट अशी की सर निरुपद्रवी नव्हते. नऊ वर्षे त्यांचा उपद्रव मी जवळून सोसला आहे आणि तो कोणी असा एका विशेषणात पुसून टाकलेला मला चालणार नाही. बिल्ले कोणाच्या गळ्यात नव्हते. ते खिशात असत आणि खिळ्यावर असत. घंटाही त्यांनी काढली नाही. ती होती तिथेच होती. फक्त तिचा टोल, म्हणजे ती वाजवायचा दांडा, हत्यारांच्या खोलीत नेऊन एका खिळ्यावर टांगला होता, आणि घंटा द्यायची असेल तर शिपायाला आपला बिल्ला देऊन टोल न्यावा लागे. यातला फरक ज्याला कळत नाही, त्याने सरांविषयी लिहू नये. राहिले कुलूप. त्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

स्मरणिकेतल्या मजकुराकडे मी दुर्लक्षही केले असते. पण गेल्या महिन्यात संस्थेचे तरुण विश्वस्त माझ्या वर्तकनगरच्या घरी आले. ज्यांनी शाळेला मानपाड्याजवळची जागा दिली त्या भाऊंचे हे नातू. आठवीपासूनचे तांत्रिक विषय शाळेत पुन्हा सुरू करायचे आहेत, यंत्रे येणार आहेत, तुम्ही जुने पर्यवेक्षक, तेव्हा व्यवस्था कशी असावी ते सांगा, असे म्हणाले. मी तासभर सांगितले. सरांची पद्धत जशीच्या तशी सांगितली. त्यांनी शांतपणे चहा संपवला आणि म्हणाले, "सर, राग मानू नका, पण तो प्रयोग ऑलरेडी झालेला आपल्याकडे. बिल्ल्यांचा वगैरे. मान्यता गेली ना त्याच्यात. आमच्या मीटिंगमध्ये सगळे हेच बोलले." आणि पिशवीतून स्मरणिका काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवली.

म्हणजे एका खोट्या गोष्टीवरून एक खरी व्यवस्था नाकारली जाणार आहे. येत्या जूनपासून तीनशे मुले पुन्हा घंटेच्या तालावर कार्यशाळेत जाणार आणि घंटेच्या तालावर रिकाम्या हातांनी बाहेर येणार. सर आता हयात नाहीत. तेव्हा खुलासा करण्याचे काम माझ्याकडे येते.

सर आले तेव्हा शाळेत तांत्रिक विषय होते, यंत्रे होती, निदेशक होते आणि माझे वेळापत्रक होते. हे वेळापत्रक म्हणजे दरवाजाएवढा प्लायवुडचा फलक. त्यावर पाच रंगांच्या शाईत प्रत्येक वर्गाचा प्रत्येक तास मी स्वतः लिहिलेला. अख्ख्या ठाणे जिल्ह्यात असे वेळापत्रक दुसरे नव्हते. दुसऱ्या शाळांचे पर्यवेक्षक ते बघायला येत.

सरांनी पहिला आठवडा काहीही केले नाही. कार्यशाळेच्या खिडकीबाहेर घड्याळ घेऊन उभे राहिले, बस्स. शनिवारी मला बोलावून म्हणाले, "पर्यवेक्षक, तास किती मिनिटांचा?"

"पस्तीस."

"मुलाच्या हातात कानस असते अकरा मिनिटं. बाकीची चोवीस मिनिटं एप्रन, हजेरी, हत्यारं वाटणं आणि हत्यारं गोळा करणं यात जातात. अकरा मिनिटं त्याची आणि चोवीस तुमची."

तुमची! जणू मीच ती घरी नेत होतो.

सोमवारी शाळेत आलो तर माझा फलक भिंतीवर नव्हता. तो हत्यारांच्या खोलीत होता, तोंड भिंतीकडे आणि पाठ बाहेर. त्या कोऱ्या पाठीवर सरांनी प्रत्येक हत्याराची काळी आकृती रंगवून घेतली होती आणि आकृतीवर खिळा ठोकला होता. रंधा, पटाशी, गुण्या, कानशी, हातोड्या, घंटेचा टोल, आणि उजवीकडे वरच्या कोपऱ्यात कार्यशाळेची किल्ली. पाच रंगांतल्या माझ्या अक्षरांमधून ते खिळे आरपार गेले होते. मी विचारले, हे काय? ते म्हणाले, "प्लाय चांगला आहे तुमचा. वाया घालवू नये."

नवी व्यवस्था अशी होती. आठवडा दोन भागांत विभागला. अर्धे वर्ग तीन दिवस सकाळभर कार्यशाळेत, उरलेले अर्धे त्या वेळी पुस्तकांशी. पुढचे तीन दिवस अदलाबदल. मध्ये घंटा नाही. हातातले काम पुरे झाले की उठायचे. इंग्रजीच्या बाई रडल्या. गणिताच्या सरांनी लेखी निषेध दिला. सरांनी तो वाचला, "अक्षर सुंदर आहे" असा शेरा मारून परत केला आणि त्यांना एका सकाळी गणिताच्या वर्गासह कार्यशाळेत बसवले. मुलांनी लोखंडाच्या पट्टीवर कोन काढले, कापले, आणि चुकलेले कोन घेऊन गणिताच्या सरांकडेच आली. लेखी निषेध नंतर आला नाही. तोंडी मात्र चालू राहिला.

बिल्ल्यांचेही सांगतो, कारण शेवटी सगळे त्यावरच येते. मानपाड्याच्या कारखान्यांत असतात तसे पितळी, गोल, वर भोक पाडलेले बिल्ले सरांनी करून घेतले. मुलांचे वेगळे, कर्मचाऱ्यांचे वेगळे. कोणतीही वस्तू न्यायची तर तिच्या खिळ्यावर आपला बिल्ला टांगायचा. वस्तू परत आली की बिल्ला परत. वही नाही, सही नाही. फलकाकडे एक नजर टाकली की कोणती वस्तू कोणाकडे आहे ते कळते.

इथपर्यंत मलाही मान्य होते. पण नंबर कसे दिले? ज्येष्ठतेने द्यायला हवे होते. मी पर्यवेक्षक, मुख्याध्यापकांच्या खालोखाल माझे पद. सरांनी एका सकाळी फाटकात उभे राहून, जो जसा आत येईल तसे बिल्ले वाटले. एक नंबर झाडूवाल्या मावशींना. दोन नंबर हत्यारांची खोली सांभाळणाऱ्या नानांना. तीन नंबर रखवालदाराला, जो खरे म्हणजे रात्रपाळी करून घरी निघाला होता आणि तंबाखू विसरली म्हणून परत आत आला. मला मिळाला चार. सर स्वतः सगळ्यांच्या मागून आत आले, म्हणून त्यांचा सोळा, शेवटचा.

मी आक्षेप घेतला. ते म्हणाले, "उद्या लवकर या."

"म्हणजे नंबर बदलेल?"

"नाही. नंबर हाच राहील. पण लवकर याल."

पुढची नऊ वर्षे मी चार नंबर होतो. मावशी व्हरांड्यातून हाक मारत, "ओ चार नंबर, पाय उचला, ओलं आहे." शाळेत हसे झाले. सरांना त्याचे काही नव्हते. त्यांनाही मावशी सोळा नंबर म्हणत आणि ते ओ देत.

त्यांचे एक वाक्य होते, ते ते दिवसातून निदान दोनदा म्हणत: शेवटचे हत्यार खिळ्यावर आले की शाळा सुटली. हे वाक्य शब्दशः घ्यायचे असते, हे आम्हाला पहिल्याच पावसाळ्यात कळले. एका शनिवारी सहा इंची पोलादी पट्टी खिळ्यावर आली नाही. खिळ्यावर बिल्लाही नव्हता. कोणीतरी नियम मोडून ती नेली होती. सरांनी फाटक बंद केले. मुले, शिक्षक, शिपाई सगळे आत. भाऊ त्या दिवशी सहज शाळेत डोकावले होते, तेही आत. भाऊ म्हणजे मिठागरे आणि शेती पाहिलेला जुना माणूस. शाळेची सगळी जमीन त्यांची. त्यांनी पंधरा मिनिटे कळ काढली. मग सरांना म्हणाले, "मास्तर, जागा मी दिली, आन् आता मनाच कोंडून ठेवताव?"

सर म्हणाले, "भाऊ, तुम्ही जागा दिलीत म्हणून तर पट्टी शोधतोय. नाहीतर कशाला शोधली असती?"

भाऊंना हे काय पटले मला आजतागायत कळलेले नाही, पण त्यांनी धोतराचा सोगा खोचला आणि बाकांखाली वाकून शोधायला लागले. पट्टी सापडली मराठीच्या सरांच्या पिशवीत. निकालपत्रकावर रेघा मारायला त्यांनी ती नेली होती. भाऊंनी ती स्वतः खिळ्यावर टांगली आणि नातवंडांना सांगायला एक गोष्ट घेऊन घरी गेले. आता त्याच नातवाला वाटते की हा प्रयोग फसला.

बैठकांचे तर विचारूच नका. सरांच्या कार्यालयात खुर्च्या नव्हत्या. त्यांनी त्या वर्गांना दिल्या होत्या. शिक्षकांची बैठक कार्यशाळेत, लोखंड पकडायच्या व्हाइसच्या ओट्याभोवती, उभ्याने होई, आणि प्रत्येकाने बोलताना समोरच्या लोखंडी तुकड्यावर कानस चालवायची. "हात रिकामे असले की माणूस लांब बोलतो," हे त्यांचे कारण. पूर्वी आमच्या बैठका दोन-दोन तास चालत; त्या वीस मिनिटांवर आल्या. इतिहासाचे शिक्षक तर बोलायचेच बंद झाले. माझा तुकडा अजून माझ्याकडे आहे. नऊ वर्षे घासूनही त्याचा एक कोपरा काटकोनात आलेला नाही. प्रत्येक बैठकीनंतर सर त्याला गुण्या लावून बघत, फटीतून पलीकडचा उजेड मला दाखवत आणि निघून जात. अशा माणसाबरोबर काम करून पाहा, म्हणजे निरुपद्रवी शब्दाचा अर्थ कळेल.

आणि तरीही, हे मी त्यांच्या बाजूने नव्हे, वस्तुस्थिती म्हणून लिहितो, त्या नऊ वर्षांत शाळेचा एक पंखा बंद नव्हता, एक बाक मोडका नव्हता. पंखे नववी 'ब'कडे, बाक नववी 'अ'कडे, नळ दहावीकडे. बाहेरचा मिस्त्री शाळेत येत नसे. दहावी झालेली आमची पोरे औद्योगिक वसाहतीत गेली की फोरमन त्यांना उमेदवारीला घेताना आधी हात बघत.

मान्यतेचा प्रश्न त्यानंतर आला. तांत्रिक विभाग ठेवायचा की बंद करायचा, हे ठरवण्यासाठी समिती येणार होती. अशा तपासणीची आमच्या शिक्षणक्षेत्रात एक ठरलेली रीत आहे. यंत्रांना रंग देतात आणि रंग खराब होऊ नये म्हणून ती चालवत नाहीत. जुन्या वर्षांतली चांगली कामे चकचकीत करून पांढऱ्या चादरीवर मांडतात. कमी असलेले यंत्र कोणाकडून तरी एका दिवसापुरते आणतात. मुलांना पांढरे शर्ट घालून ओळीत बसवतात. मी आयुष्यभर अशा तपासण्या पार पाडल्या होत्या आणि एकीतही शाळेला कमीपणा आलेला नव्हता. म्हणून मी सरांना सांगितले की तपासणीचे माझ्यावर सोपवा.

ते म्हणाले, "रोजच्यासारखं चालू ठेवा."

मी म्हटले, जमिनीवर लोखंडाचा कीस पडलेला असतो, मुलांचे हात काळे असतात, ओट्यावर अर्धवट कामे पडलेली असतात. हे समितीला दाखवायचे?

"दुसरं काय आहे आपल्याकडे दाखवायला?"

"विभाग जाईल, सर."

"कामं चालू असताना बघितलं तर नाही जाणार. झाकलेलं बघितलं तर जाईल."

आमचे कडाक्याचे भांडण झाले. मी त्यांना हट्टी म्हणालो. ते मला पर्यवेक्षक म्हणाले. त्यांच्या तोंडी तो शब्द कसा लागे, हे ज्याने ऐकले त्यालाच कळेल.

समिती अकरा वाजता येणार होती. त्या दिवशी मी शाळेत मावशींच्याही आधी पोहोचलो, सात वाजायच्या आत. नऊ वर्षांत पहिल्यांदा पहिला. कार्यशाळा आदल्या दिवशीच्या कामाने भरलेली होती, होती तशी घाण. मुले आली तशी मी त्यांना सभागृहात बसवली, चादरीवर जुनी कामे मांडली आणि नानांना टेंपोत घालून औद्योगिक वसाहतीत गेलो; एका ओळखीच्या कारखानदाराने भोके पाडण्याचे मोठे यंत्र दिवसभरासाठी द्यायचे कबूल केले होते. शिक्षकांनी शाळेच्या वेळेत मोबाइल कार्यालयाच्या खणात ठेवायचे, हा सरांचाच नियम, त्यामुळे माझा फोन तिथे. यंत्र चढवायला अर्धा तास लागेल असे वाटले होते. दोन तास लागले.

समिती साडेआठलाच आली. दुपारी कल्याणला दुसरी शाळा होती म्हणून त्यांनी क्रम बदलला. सर विठ्ठलवाडीला राहत. त्यांना सकाळी घरूनच गाडीत घेतले आणि थेट कार्यशाळेच्या दाराशी आणले. दाराला कुलूप.

पुढचे मावशींनी मला सांगितले. त्या व्हरांड्यात होत्या. सर म्हणाले, किल्ली आणतो, आणि एकटेच हत्यारांच्या खोलीत गेले. थोडा वेळ गेला. बाहेर आले ते रुमालाला हात पुसत.

"कार्यशाळा आज मी बंद ठेवली आहे."

मुख्य अधिकारी म्हणाले, "आज? तपासणीच्या दिवशी?"

"हो."

"मग उघडा. किल्ली कुठे आहे?"

"मिळणार नाही."

अधिकाऱ्यांनी विचारले की हा काय प्रकार आहे. सरांनी रुमालाची घडी घालून तो खिशात ठेवला. एरवी कोणालाही दोन शब्द ऐकवल्याशिवाय न सोडणारा माणूस. समितीने सभागृहातली चादर पाहिली, दोन मुलांना ही कामे कोणत्या वर्षाची म्हणून विचारले, मुलांनी खरे सांगितले, आणि शेरा लिहिला: कार्यशाळा बंद, नियमित वापरात असल्याचे दिसत नाही. मुले सभागृहातून धावत हत्यारांच्या खोलीशी गेली. त्यांनी खिळ्यावर सोळा नंबर पाहिला. यात स्मरणिकेतला लेखक खोटे बोलत नाही.

मी परतलो तेव्हा समितीची गाडी फाटकातून बाहेर पडत होती. तिला वाट द्यायला माझा टेंपो मागे घ्यावा लागला. त्यात दुसऱ्याच्या कारखान्याचे नाव रंगवलेले यंत्र दोरांनी बांधून उभे होते. सर पायरीवर होते. त्यांनी यंत्राकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. जवळ बोलावून माझ्या हातात काहीतरी ठेवले, माझी मूठ स्वतःच्या हाताने मिटवली आणि म्हणाले, "हे तुमचं. नववीचा आरेखनाचा तास आहे, वर्गावर जा."

मी गेलो. तासही घेतला.

नवे प्रवेश थांबले. दोन वर्षांत विभाग मिटला. कार्यशाळेत आता वार्षिक स्नेहसंमेलने आणि भाऊबंदांची लग्ने होतात. सरांवर चौकशी बसली, ती त्यांनी निवृत्त होईपर्यंत पुरवली; एका प्रश्नाला दोन ओळींपेक्षा मोठे उत्तर दिले नाही. मला निवृत्तीला सात महिने राहिले होते. माझा सत्कार झाला, शाल मिळाली, आणि भाषणात सरांनी माझ्या वेळापत्रकाच्या प्लायवुडची तारीफ केली. त्यानंतर मी दोनदा विठ्ठलवाडीला त्यांच्या घरी गेलो. दोन्ही वेळा मी विषय काढू लागलो आणि दोन्ही वेळा ते म्हणाले, तुकडा आणलाय का, बघू काटकोन.

याचा मला संताप येतो. त्यांनी मला समितीसमोर उभे करायला हवे होते. कारणे दाखवा नोटीस द्यायला हवी होती. दुसऱ्याला न विचारता त्याचे ओझे परस्पर उचलायचा अधिकार कोणालाही नाही, मुख्याध्यापकालाही नाही. स्वतः केलेला नियम त्यांनी नऊ वर्षांत एकदाच मोडला, तो नेमका तिथे, आणि तो मोडला म्हणूनच आज त्यांची व्यवस्था बदनाम आहे.

विश्वस्तांना माझे सांगणे एवढेच आहे: तो फलक अजून सभागृहाच्या मागच्या खोलीत आहे, माझे वेळापत्रक वर आणि खिळे भिंतीकडे. तो उलटा करून पुन्हा लावा, आठवड्याचे दोन भाग करा, घंटेचा टोल पुन्हा टांगा. बिल्ल्यांची पद्धत त्या सकाळीही चुकली नव्हती. किल्ली कोणी नेली, हे तिने अचूक दाखवले होते. मुलांनी पाहिला तो सोळा नंबर सरांनी नंतर टांगला. ते एकटे खोलीत गेले तेव्हा त्या खिळ्यावर चार नंबर होता.